शेंदराखालचं गाव

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे असं म्हटलं तर तुम्ही हसाल. दगड काय, सगळेच जुने! पण मी शिवेवरचा दगड आहे. जिथं एका गावाची जमीन संपते आणि दुसऱ्याची सुरू होते, तिथं मला मुद्दाम पुरलेलं आहे. माझ्या पाठीशी कवठाळ खुर्द, चाळीस घरांचं. समोर ओढा आणि ओढ्यापलीकडं कवठाळ बुद्रुक, चारशे घरांचं. खुर्द म्हणजे धाकटं आणि बुद्रुक म्हणजे थोरलं. जळकोटकडून येणारी वाट थोरल्याला आधी लागते. धाकट्याला यायचं तर ओढा ओलांडावा लागतो.

हा ओढा आठ महिने अगदी गरीब असतो. लेकरं त्यात गोट्या खेळतात. उरलेले चार महिने मात्र त्याचा भरवसा नाही. वर डोंगरात पाऊस पडला की इथं लख्ख ऊन असतानाही पाण्याचा लोंढा येतो. गुरांना तो आधी कळतो, माणसांना नंतर, आणि लेकरांना कळतच नाही.

माझा जन्म बालाघाटच्या डोंगरातला. निजामाच्या राज्यात जमिनीची मोजणी चालू होती, तेव्हा एका वडारानं मला खाणीतून काढलं. त्याची बायको नागम्मा छिन्नीवर पाणी सोडायची. मुन्शीनं माझ्या छातीवर गेरूनं दोन ओळी रेखल्या, एक उर्दू आणि एक आपली बाळबोध. वडार त्यावर छिन्नी चालवू लागला. नागम्माला अक्षर ओळखीचं नव्हतं, पण डोळा पक्का होता. ती म्हणाली, "खालची ओळ उतरती होऊन राहिली. नीट कर. धाकट्या गावाची म्हणून काय वाकडी काढतोस?" वडार हसला आणि ओळ सरळ केली. आम्ही एकूण चार दगड. चारही कोपऱ्यांवर आम्हाला उभं केलं आणि आमच्यामधल्या जमिनीला कवठाळ खुर्द हे नाव मिळालं.

माझी उमेदीची वर्षं मोठ्या मानाची होती. दरवर्षी पावसाळा संपला की खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊन एक माणूस आमची चारी ठिकाणं पायी फिरून यायचा. गावाची शीव सांभाळणं हे त्याच्या घराण्याकडं होतं. माझ्या डोक्यावर हात ठेवून तो मोठ्यानं सांगायचा, "पहिला जागेवर हाय!" शिवेचं भांडण पेटलं तर त्याचा शब्द शेवटचा. मित्रांनो, त्याचा शब्द साऱ्या गावात चालायचा, पण गावच्या विहिरीला त्याचा हात चालायचा नाही. मी हे पाहिलं आहे. आपल्या गावाची गोष्ट सांगताना हे गाळून सांगू नये.

मग मी देव झालो. ते असं झालं. एका साली बुद्रुकात गुरांना रोग आला आणि खुर्दात आला नाही. कुणीतरी म्हणालं, शिवेवरच्या देवानं अडवला. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगावर शेंदूर चढला, तिसऱ्या दिवशी नारळ फुटला. पुढं दर येळवसेला, म्हणजे आपल्याकडं शेतात जेवायला जातात त्या अमावस्येला, आंबील आणि भज्जीचा पहिला नैवेद्य मला येऊ लागला. नवी नवरी गावात शिरताना माझ्यापाशी थांबू लागली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. उन्हातान्हात उभं राहणाऱ्याला तेलाचा थंड हात आवडतोच. पण तेलाशेंदराचे थर एकावर एक बसत गेले. आधी माझी उर्दू ओळ बुजली, मग बाळबोध. निजामाचं राज्य गेलं, आणि कुण्या कारकुनानं नव्या कागदावर दोन कवठाळांचं एकच कवठाळ केलं. तोवर माझ्या अंगावर बोटभर जाड खोळ चढली होती. माझा मान वाढत गेला आणि माझं काम विसरलं गेलं.

त्याची किंमत गावानं बहात्तर सालात मोजली. तो दुष्काळ मी विसरणार नाही. ओढ्याची वाळू उकरून बायका वाटीवाटीनं पाणी भरायच्या. खडी फोडायची कामं निघाली, खायला सुकडी आली, परदेशी लाल मिलो ज्वारी आली. सगळं बुद्रुकात. खुर्दची माणसं रांगेत गेली की विचारायचे, "तुमचं गाव कोणतं?" खुर्द म्हटलं की यादी चाळायचे. "आसं गावच न्हाई हितं. मागं उभं ऱ्हावा." मागं उभं राहिलेल्याच्या वाट्याला किती येतं हे तुम्हाला सांगायला नको. खडीला दगड कमी पडले तेव्हा एक मुकादम हातोडा घेऊन माझ्याकडंही आला. शेंदूर बघून त्यानं पायातल्या चपला काढल्या आणि मागं फिरला. म्हणजे ज्या शेंदरानं माझं तोंड बंद केलं, त्यानंच माझा जीवही वाचवला. मी त्याला नुसतं वाईट कसं म्हणू?

दुष्काळानंतर चार-पाच वर्षांनी महादेवी नवरी होऊन आली. उदगीरच्या कॉलेजात दोन वर्षं शिकलेली. नवरा उदगीरला दुकानात नोकरीला होता, आठवड्यानं घरी येई. घरात सासरे रेवणसिद्धअप्पा, गावातले वडीलधारे. माझ्या अंगाला शेंदूर लावायचा मान त्यांचा. पुढं महादेवीला मुलगी झाली. तिचं नाव शिवगंगा ठेवलं, हाक मारायला गंगू.

महादेवीसारखी नजर मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. ओढ्यात धुणं धुताना दोन आपटे मारले की तिची मान वर. गंगू कुठं आहे? पुन्हा दोन आपटे, पुन्हा मान वर. गावच्या बायका चिडवायच्या, "महादेवीचं धुनं मंजे कोंबडीचं पानी पिनं. दर घोटाला मुंडी वर!" ती हसायची, पण मान वर करायची थांबायची नाही. तिच्या भीतीला कारण होतं. शाळा बुद्रुकात. पावसाळ्यात खुर्दची लेकरं ओढा ओलांडून जायची, नाहीतर चार महिने घरी बसायची. मागच्या श्रावणात शेजारच्या धुरपताबाईचा लेक शाळेतून येताना वाहून गेला. खाली बाभळीच्या फांद्यांत अडकला म्हणून वाचला. आणि येत्या जूनमध्ये गंगूला सहावं लागणार होतं.

बुद्रुकचे साहेबराव पाटील यांच्याकडं महादेवी सासऱ्यांसोबत गेली होती. खुर्दात एक वर्ग सुरू करा म्हणून. पाटील म्हणाले, "एका गावात दोन शाळा? घरात दोन चुली मांडनाऱ्या सुनंवानी बोललीस की बाई!"

अशात नवा जिल्हा झाला. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं. जळकोटच्या बाजारात पेढे वाटले, जीपवाल्यांनी गुलाल उधळला. ते ऐकून महादेवी सासऱ्यांना म्हणाली, "मामा, जिल्हा वेगळा होतो, तर गाव का नाही होणार?" तिनं स्वतःच्या हातानं अर्ज लिहिला. खुर्दला वेगळं गाव म्हणून नोंदवा आणि इथं शाळा द्या. चाळीस घरांच्या सह्या-अंगठे घेतले. चार महिन्यांनी, येळवस जवळ आलेली असताना, मोजणीचे साहेब खरंच आले.

साहेब माणूस सरळ होता. माझ्या शेजारीच लिंबाखाली बसून त्यांनी कागद पाहिले. "कागदात खुर्द नाही," ते म्हणाले. "पण पूर्वीच्या मोजणीत शिवेवर कोरीव दगड पुरायचे. तसा एखादा असेल तर दाखवा. मग पंचनामा करता येईल. मी पुढच्या मंगळवारी येतो. नसेल तर अर्ज निकाली काढावा लागेल."

माणसं एकमेकांकडं बघू लागली. "कोरीव दगड? आमच्यात न्हाई बा आसं काई." आणि मित्रांनो, निघताना एकेकानं मला हात जोडले. म्हणाले, "द्येवा, तूच बग आता." मला वाचा असती तर मी काय ओरडलो असतो!

दुसऱ्या दिवशी एक बैलगाडी वळताना तिच्या चाकाचा आस मला घासून गेला. बुडाशी शेंदराची खपली उडाली. तिथं गंगू बाहुलीच्या लग्नासाठी कुंकू उकरत बसली. तळहाताएवढा तुकडा तिनं काढला. ओढ्यातून मान वर झाली आणि पुढच्या क्षणी महादेवी धावत आली.

"तोंडात बोट घातलंस का? दाखव जीभ! आ कर!" शेंदरात शिसं असतं, ते पोटात गेलं तर विष, हे तिला ठाऊक होतं. पदरानं तिनं लेकीची बोटं पुसली, नखं पुसली, मग सांडलेले कण वेचायला माझ्या बुडाशी वाकली. आणि वाकलेलीच राहिली. खपलीखाली काळ्या दगडात एक सरळ रेघ होती आणि तिला लटकलेलं अक्षर. 'र्द'.

"गंगे," ती हळूच म्हणाली, "देवाला शिरोरेघ असते का गं?"

घरी जाऊन तिनं सासऱ्यांना सांगितलं. रेवणसिद्धअप्पांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "खोळ आपसुक गळली तर ती द्येवाची मर्जी. मानसानं उतरवायची नसती. माज्या बापानं सांगितलंय. खरवडनाऱ्याच्या घरात लेकरू ऱ्हात न्हाई."

त्याच संध्याकाळी गंगूला ताप भरला.

मग काय विचारता! दारात बायका जमल्या. द्येवाचं अंग उकरलं, मग असं होणारच. महादेवी शिकलेली होती, पण आईच ती. तीही रात्रभर उशाशी जागी राहिली. सकाळी ती लेकीला खांद्यावर टाकून बुद्रुकातून जीपनं जळकोटला गेली आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं, शेंदरासकट. डॉक्टरांनी घसा पाहिला. टॉन्सिल सुजले होते. औषध दिलं, पुन्हा पुन्हा विचारल्यावर पुन्हा पुन्हा सांगितलं की शेंदूर पोटात गेलेला नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. गंगू भाकरी-दूध मागू लागली.

त्या दिवशी महादेवी एकटी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. हात जोडले नाहीत तिनं. म्हणाली, "तू देव असशील तर लेकराचा गळा धरणार नाहीस. आणि दगड असशील तर तुला धरताच यायचा नाही."

माझं वय तेव्हा शंभराला टेकलं होतं. इतकं सरळ माझ्याशी कुणी बोललं नव्हतं.

बरी झालेली नात अंगणात पळताना बघून अप्पा थोडे सैल पडले. म्हणाले, "शिवेचं खरं म्हाईत निवृत्तीच्या घरान्याला. त्याचा आजा शीव चालायचा. पन तो येनार न्हाई. छप्पन सालापासून त्यांनी गावकीची कामं सोडली."

निवृत्ती म्हणजे त्या काठी-घोंगडीवाल्या माणसाचा नातू. सडकेच्या खात्यात नोकरी करून निवृत्त झालेला, पासष्टीचा, पांढऱ्या सदऱ्यातला. बौद्ध वस्तीतलं पहिलं घर त्याचं. महादेवी त्याच्या दारात गेली, "जय भीम काका" म्हणाली आणि सगळं सांगितलं. पुढचं मी तिच्याच तोंडून ऐकलंय, ती धुणं धुताना धुरपताबाईला सांगत होती.

निवृत्ती म्हणाला, "पोरी, माझ्या आज्यानं शीव दाखवली अन् बदल्यात शिळी भाकर घेतली. त्याच्या पाठीमागं मीबी चाललोय लहानपनी. चारी दगड डोळे झाकून दावीन. पर गावानं बोलवलं अन् निवृत्ती काठी घिऊन पळत आला, आसं व्हनार न्हाई."

"मग कसं होईल, काका?"

"खुर्ची मांडा. सायबाच्या शेजारी. अन् पंचनाम्यावर पहिली सही माझी."

"मांडते," महादेवी म्हणाली. "आमच्याच घरची मांडते."

मंगळवार उजाडला. साहेब आले. खुर्दची चाळीस घरं लोटली, आणि गंमत बघायला बुद्रुकही ओढा ओलांडून आलं. साहेबराव पाटील पुढं. दोन खुर्च्या मांडलेल्या. एकीवर साहेब बसले. दुसरीवर निवृत्ती येऊन बसला तेव्हा जरा चुळबुळ झाली. अप्पांनी स्वतः तांब्या पुढं केला. "पानी घे निवृत्ती." निवृत्तीनं एकदा तांब्याकडं पाहिलं, एकदा अप्पांकडं, आणि तो पाणी प्याला. मित्रांनो, माझ्या पुढ्यात घडलेल्या गोष्टींत मी ही फार वर ठेवतो.

महादेवीनं ते 'र्द' दाखवलं. साहेबांनी वाकून पाहिलं. "वरचं उघडावं लागेल."

पण हात कोण लावणार? एकजण निवृत्तीकडं बघून म्हणाला, "तुमी करा की. तुमाला कुटं द्येवाचं भ्या हाय!"

निवृत्ती म्हणाला, "आमी देव सोडून पंचवीस वर्सं झाली. तुमचा देव तुमी उतरवा. मी वाचायला आलोय."

हशा झाला. पाटील त्यातच म्हणाले, "दगडावरनं गाव मागून राहिले! उद्या गोटा आनतील अन् म्हनतील, तालुका द्या." आणखी हशा. माणसं मागं सरकू लागली. मला वाटलं, गेलं. पुन्हा खोळीतच राहायचं.

तेवढ्यात धुरपताबाई पुढं आली. ती कधी चारचौघांत बोलायची नाही. "अप्पा," ती म्हणाली, "माजं लेकरू बाभळीला आडकलं म्हनून हाय. पुडच्याला बाभळ घावंल का?"

रेवणसिद्धअप्पांनी डोक्याचा रुमाल सोडून कमरेला बांधला. "महादेवी, चुलीवरचं पानी आन. अन् खुरपं." माझ्यासमोर बसून त्यांनी आधी हात जोडले. "चाळीस वर्सं मी लावला. माज्याच हातानं निघू दे. चूक आसंल तर माजी, लेकरांची न्हाई."

कढत पाणी पडलं. खुरप्याचं टोक फिरलं. मोठमोठ्या खपल्या निघू लागल्या, केशरी, तांबड्या, आतल्या पार काळ्या पडलेल्या. अप्पा एकेक खपली परातीत ठेवत होते, निर्माल्य ठेवावं तशी. ते रडत होते आणि हात थांबत नव्हता. ऐंशी वर्षांनी माझ्या छातीला वारा लागला.

खालची ओळ साहेबांनीच मोठ्यानं वाचली. "सीव मौजे कवठाळ खुर्द."

लोकांत असा काही आवाज उठला की लिंबावरचे होले उडाले. साहेबांनी हात वर केला. "वरची ओळ उर्दू आहे. ही मला येत नाही."

निवृत्ती खुर्चीवरून उठला. खिशातून चष्मा काढला, सदऱ्यानं पुसला, उगाच दोनदा पुसला. निजामाच्या शाळेत तो चौथीपर्यंत शिकला होता. तिथं सगळं उर्दूतून, आणि त्याला बसायला वर्गाबाहेरची पायरी. त्या पायरीवर बसून शिकलेली अक्षरं त्यानं आज बोट ठेवून वाचली. "सरहद, मौजा कवठाळ खुर्द. दगड पहिला, चारपैकी. फसली बाराशे सत्त्याण्णव." फसली म्हणजे निजामाच्या राज्यातलं साल.

पाटलांचं हसू जरा आखडलं. पण माणूस हुशार. "चारपैकी ना? मग बाकीचे तीन कुटं हायत? एका खांबावर मांडव ऱ्हात न्हाई सायेब."

"चला," निवृत्ती म्हणाला. "दावतो. चपला घाला, काटे हायत."

आता मला पाय नाहीत. पुढचं मी दहाजणांकडून ऐकलं आणि दहाही जण वेगळं सांगतात, तेव्हा थोडा मीठमसाला गोड मानून घ्या. निवृत्ती पुढं, हातात काठी नाही, साहेब मागं, आणि मागं दोन्ही गावं. दुसरा दगड वारुळात निघाला. तिसरा एका बांधात, निव्वळ कोपरा दिसत होता. चौथ्याच्या जागी नुसता खड्डा. ती जागा पाटलांच्या मळ्याला लागून. पाटील म्हणाले, "संपलं की! चौथा न्हाईच."

मळ्यातच पाटलांचं घर. गलका ऐकून त्यांच्या आई सरजाबाई बाहेर आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कमरेत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. "काय हुडकून राहिलात रं एवडे?"

"शिवेचा दगड, आजी," महादेवी म्हणाली. "खुर्दच्या शिवेचा. इथं होता म्हणतात."

"मंग हितं कामून हुडकता? तो न्हानीत हाय. ह्यो सायेबराव पोटात व्हता तवा ह्याच्या आज्यानं गाडीत घालून आनला. म्या त्याच्यावर पन्नास वर्सं धुनं आपटून राहिले."

"आई!" पाटील ओरडले.

"काय आई? आरडतो कशाला? चोरी तुज्या आज्यानं केली, तू का घाबरतो?"

चौघांनी न्हाणीतला दगड उलटा केला. साबणानं गुळगुळीत झालेल्या पाठीच्या दुसऱ्या बाजूला माझ्या भावाची अक्षरं नवी कोरल्यासारखी ताजी. 'सीव मौजे कवठाळ खुर्द.' म्हणतात की साहेबांनाही हसू आवरलं नाही. आणि पाटील? ते गड्याला म्हणाले, "गाडी जुंप. ह्यो त्याच्या जागेवर पोचव. अन् नीट पूर, डुगडुगता नको."

पंचनामा माझ्या शेजारी बसून लिहिला गेला. पहिली सही निवृत्तीची. पूर्ण नाव, ठसठशीत. दुसरी रेवणसिद्धअप्पांची. तिसरा अंगठा सरजाबाईंचा. त्या हट्टानं ओढा ओलांडून आल्या. म्हणाल्या, "पन्नास वर्सं त्याच्यावर धुनं धुतलं, माजी साक्ष नको का?"

वेगळ्या गावाचा हुकूम यायला आणखी वर्षभर लागलं. पण पंचनाम्याच्या जोरावर शाळा त्याच जूनमध्ये सुरू झाली. खुर्दातल्या मठाच्या ओसरीवर एक गुरुजी, एक फळा आणि एकवीस लेकरं. पहिल्याच आठवड्यात डोंगरात पाऊस झाला आणि ओढा दोन्ही थड्या धरून वाहिला. पाण्याचा एवढा घोंगाट, तरी मला ओसरीवरची हजेरी ऐकू येत होती. गुरुजींनी नाव पुकारलं, "शिवगंगा!" आणि गंगूनं असा काही "हजर!" दिला की माझ्यासमोर पुराकडं बघत उभी असलेली महादेवी खुदकन हसली. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. मग वळली आणि पुराकडं पाठ करून सावकाश घरी गेली.

माझंही बरं चाललंय. खपल्यांची परात अप्पांनी वाहत्या पाण्यात सोडली. पुढच्या येळवसेला ते शेंदूर घेऊन आले, थबकले आणि सुनेला विचारलं, "कुटं लावू?" तिनं माझ्या माथ्याकडं बोट दाखवलं. तेव्हापासून माथ्यावर टिळा, छाती मोकळी. आणि येळवसेच्या दुसऱ्या दिवशी शाळेची लेकरं शीव फिरायला जातात. निवृत्तीकाका पुढं. पायात बूट, डोक्याला टोपी. चारी दगडांपाशी लेकरं अक्षरांवरून बोट फिरवतात आणि मोठ्यानं वाचतात. त्या वर्षीपासून साहेबराव पाटलांची नातही येते. ती सगळ्यात मोठ्यानं वाचते.

तर मित्रांनो, तुमच्याही गावाच्या कडेला माझ्यासारखा एखादा उभा असेल. कुणी त्याच्यावर धुणं आपटत असेल, कुणी त्याला नारळ फोडत असेल, कुणी त्याच्यावर बसून बिडी ओढत असेल. त्याला फोडू नका, ढकलू नका. जवळ जाऊन नीट बघा, हात फिरवा. अक्षर लागलं तर वाचा, आणि नाही लागलं तर गावातल्या ज्या माणसाला कुणी कधी विचारत नाही त्याला विचारा. मी शंभर वर्षं थांबू शकलो, कारण मी दगड आहे. त्या माणसाकडं एवढा वेळ नाही. म्हणून आजच जा.